पुस्तक कसं सुचवावं? ग्रंथालयात काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावातल्या आणि तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयांत देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही प्रश्न चार जणांनी चार तऱ्हांनी विचारले होते, ते एकत्र केले आहेत. उदाहरणांतली पुस्तकं बऱ्याच मराठी ग्रंथालयांत असतात. तुमच्याकडे नसतील तर पद्धत घ्या आणि पुस्तक आपलं घाला.

१. आम्ही पुस्तकं देतो, परत घेतो, नोंद करतो. सुचवणं हे खरंच आमचं काम आहे का?

आहे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं प्रशिक्षण वर्गात आपण सगळ्यांनी घोकली. त्यातलं दुसरं सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं सांगतं आणि तिसरं प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असं. परीक्षा झाली की तिसरं सूत्र विसरलं जातं. दहा वर्षं कपाटातून न हललेलं चांगलं पुस्तक वाचकाला आपोआप सापडत नाही, ते कुणीतरी हातात ठेवावं लागतं.

सगळ्यात लहान, म्हणजे ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात झाडण्यापासून जमाखर्चापर्यंत सगळं एकच माणूस करतो, हे मान्य. अशा ठिकाणी रोज दोन वाचकांशी नीट बोलणं झालं तरी पुष्कळ आहे.

२. वाचक म्हणतो, “काहीतरी चांगलं द्या.” मग काय विचारायचं?

“तुमचा आवडता लेखक कोण?” हे सहसा विचारू नका. माणूस बिचकतो, शाळेत असल्यासारखा पु. ल. किंवा वि. स. खांडेकर म्हणतो आणि बोलणं तिथंच संपतं. त्यापेक्षा विचारा, “अलीकडे कोणतं पुस्तक हातातून सोडवलं नाही?” आणि लगेच पुढचा प्रश्न, “त्यातलं काय लक्षात राहिलं?”

खरी माहिती या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असते. प्रभाकर पेंढारकरांचं ‘रारंगढांग’ दोघांना आवडलेलं असतं. एक जण सांगतो, “ते डोंगर, ती थंडी, रस्ता कसा कोरतात ते!” दुसरा सांगतो, “त्या पोरानं वरिष्ठांना न घाबरता ऐकवलं ना, ते.” पहिल्याला हिमालयातली प्रवासवर्णनं आणि गिर्यारोहणाची पुस्तकं दाखवा. दुसऱ्याला व्यवस्थेशी भांडणाऱ्या माणसांची चरित्रं किंवा कादंबऱ्या. दोघांनाही सैन्यावरचं पुस्तक दिलंत तर दोघंही नाराज होऊन परत येतील, कारण तुम्ही विषय पाहिलात आणि त्यांना आवडलेली गोष्ट वेगळीच होती.

ऐकताना पाच गोष्टींकडे कान ठेवा: वेग, माणसं, भाषा, जागा आणि काळ, शेवट कसा होतो. “सुरुवात फार रेंगाळते” ही वेगाची तक्रार असते. “वाचताना आजोळी गेल्यासारखं वाटलं” यात जागा बोलते. “डोकं बाजूला ठेवून वाचायचंय” असं म्हणणाऱ्याला भाषा सोपी आणि शेवट बरा हवा असतो.

आणखी एक प्रश्न कामाचा आहे: “आत्ता वाचायला वेळ कसा आहे?” दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसणाऱ्याला सहाशे पानांची कादंबरी जड जाते. कथासंग्रह चालतो, कारण तो मध्येच ठेवून देता येतो.

शेवटी तीन पुस्तकं टेबलावर ठेवा. एकच ठेवलं तर वाचकाला नाही म्हणायला संकोच वाटतो, दहा ठेवली तर तो गोंधळतो. तिन्हींपैकी एक अगदी त्याच्या सवयीतलं असावं, एक थोडं बाजूचं आणि एक तुमच्या अंदाजाचं.

३. “‘मृत्युंजय’सारखं दुसरं द्या.” आता ‘मृत्युंजय’सारखं काय असतं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. पुस्तकाचं नाव फक्त बदलतं. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची, आणि आजही ती नेणाऱ्यांची रांग संपलेली नाही. म्हणून तिच्यावरच हात बसवून घ्या.

कर्ण आवडला असेल, तर रणजित देसाईंचं ‘राधेय’ आहेच. पण सगळ्यांना तेच देऊन थांबू नका.

महाभारत आवडलं असेल, तर आणखी दोन दारं आहेत. इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ महाभारतातल्या माणसांकडे चिकित्सक नजरेनं बघतं. लेख सुटे आहेत, भाषा नितळ आहे. भैरप्पांचं कन्नड ‘पर्व’ उमा कुलकर्णींनी मराठीत आणलं आहे. त्यात चमत्कार गळून पडतात आणि दमलेली, म्हातारी होत चाललेली माणसं उरतात. ही दोन्ही देताना आधी सांगा, की इथं कर्णाची आरती नाही. भक्तिभावानं वाचणाऱ्याला न सांगता ‘युगान्त’ दिलंत तर तो दुखावून परत येतो, आणि त्यात चूक त्याची नसते.

कधी वाचकाला कथा सांगण्याची रीत आवडलेली असते. कर्ण, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन, कृष्ण आपापल्या तोंडून बोलतात ती. अशा वाचकाला खांडेकरांचं ‘ययाति’ द्या, तिथंही ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा स्वतः बोलतात. आणि “काय भाषा आहे हो!” म्हणणाऱ्याला सावंतांचंच ‘छावा’ द्या. तिथं महाभारत नाही, पण त्याला ती भारदस्त शब्दकळा हवी आहे, आणि ती तिथं भरपूर आहे.

एका पुस्तकाला चार वाटा निघाल्या. तुमच्या ग्रंथालयातल्या सर्वाधिक फिरणाऱ्या वीस पुस्तकांसाठी अशा वाटा एका वहीत लिहून ठेवा. पावसाळ्यातल्या रिकाम्या दुपारी हे काम छान होतं.

४. मी ते पुस्तक वाचलेलंच नाही. मग कसं सुचवू?

सगळं वाचलेला ग्रंथपाल कुठंच नसतो. पण न वाचता वाचल्याचा आव आणू नका, वाचक ते दोन वाक्यांत ओळखतो.

नवं पुस्तक दाखल करून शिक्के मारताना दहा मिनिटं काढा. मलपृष्ठ वाचा, पण त्यावर विसंबू नका, तिथं सगळीच पुस्तकं ‘अंतर्मुख करणारी’ असतात. पहिलं पान पूर्ण वाचा. मग मधलं कुठलंही पान उघडा: संवाद किती, वर्णन किती, बोली कुठली, परिच्छेद केवढे? मनोगत किंवा प्रस्तावना असेल तर चाळा. अक्षर बारीक आहे का ते पाहा. एवढ्यावर “वऱ्हाडी बोलीत आहे, संवाद भरपूर आहेत, वेगानं जातं” असं प्रामाणिकपणे सांगता येतं.

उरलेलं काम परत येणारे वाचक करतात. पुस्तक परत घेताना “कसं वाटलं?” विचारा आणि उत्तरातले दोन शब्द वहीत टिपून ठेवा. “मी अजून वाचलं नाही, पण ज्यांना अमुक आवडतं त्यांना हे आवडलं” हे वाक्य पूर्ण खरं आहे आणि पटतंही. वाचकाचं नाव मात्र घेऊ नका. ते का, ते प्रश्न १३ मध्ये.

५. नव्या पुस्तकांची माहिती कुठून मिळवायची?

प्रकाशकांच्या याद्या आणि गृहपत्रिका, ‘ललित’सारखं पुस्तकांना वाहिलेलं मासिक, रविवारच्या पुरवण्यांतली परीक्षणं, साहित्य संमेलनातलं ग्रंथप्रदर्शन, पुरस्कारांच्या बातम्या, आणि टेबलावरची मागणी वही, म्हणजे वाचक हवी असलेली पुस्तकं जिच्यात लिहितात ती. सगळ्यात दुर्लक्षित असते ती मागणी वही. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात बंद असते आणि वाचकाला मागून घ्यावी लागते. दोरीला पेन बांधून ती बाहेर ठेवा. महिन्यातून एकदा तीच वही ग्रंथनिवड समितीपुढे ठेवा.

शासनमान्य यादीतली आणि कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून येणारी पुस्तकं हा वेगळा साठा आहे. ती बरीचशी आपण निवडलेली नसतात, त्यामुळे ती आली की प्रश्न ४ मधली दहा मिनिटं त्यांनाच सगळ्यात आधी द्या. त्या गठ्ठ्यांत खरोखर चांगली पुस्तकं न उघडता पडून असतात.

६. नवं पुस्तक आणलं तरी वाचक जुनंच मागतात. नवं कसं खपवायचं?

नव्याला जुन्याचा हात धरून पुढे आणा. अनोळखी लेखकाचं नाव घेऊन वाचकाला काहीच कळत नाही. वाचलेल्या पुस्तकाचं नाव घेतलं की कळतं. विश्वास पाटलांचं ‘झाडाझडती’ धरणग्रस्तांवरचं, १९९२ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालेलं. ते आवडलेल्याला सांगा, “धरणानं उठवलेल्या माणसांचीच गोष्ट आहे, पण या वेळी एक माणूस आणि त्याची म्हैस.” कृष्णात खोत यांचं ‘रिंगाण’ लगेच ओळखीचं होतं. त्यालाही २०२३ चं अकादमी पारितोषिक आहे, पण ते दुसऱ्या वाक्यात सांगा. आणि बोली अंगवळणी पडायला वेळ लागतो हेही आधीच सांगून टाका. पुरस्कार मिळालेलं पुस्तक सोपं असेलच असं नसतं.

सगळ्यांना हवं असलेलं नवं पुस्तक नेहमी बाहेर असतं. वाचक नाव नोंदवतो आणि हात हलवत परत जातो, तसं होऊ देऊ नका. “ते यायला पंधरा दिवस लागतील, तोवर हे घेऊन जा” हे वाक्य तिथंच यायला हवं, आणि त्यासाठी प्रश्न ३ ची वही हाताशी असली पाहिजे.

७. दिवाळी अंकांचे सभासद फेब्रुवारीनंतर दिसतच नाहीत. त्यांना पुस्तकांकडे कसं वळवायचं?

१९०९ मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं सुरू केलेली ही परंपरा आपल्या हातात आयती आहे. जगात फार थोड्या भाषांत नव्या लेखकांची ओळख दरवर्षी अशी घरपोच होते. अंक परत घेताना विचारा, “यातली कुठली कथा आवडली?” त्या कथेच्या लेखकाचं पुस्तक तुमच्याकडे असेल तर त्याच क्षणी काढून द्या. डिसेंबरमध्ये अंक चाळून अशा दहा-बारा लेखकांची पुस्तकं एका टेबलावर मांडून ठेवली, तर जानेवारीत वेगळं काही करावं लागत नाही. पुस्तक नसेल तर ते नाव मागणी वहीत तुम्हीच लिहा.

८. आमच्याकडे पुस्तकं दाखलांकाप्रमाणे, म्हणजे ज्या क्रमानं आली त्या क्रमानं, लावलेली आहेत. सारखी पुस्तकं एकत्र कशी दिसणार?

दिसणार नाहीत. ड्यूई पद्धतीनं, म्हणजे विषयवार क्रमांकांनी, लावली तरी फार फरक पडत नाही, कारण मराठी कादंबऱ्या सगळ्या ८९१.४६३ मध्येच जाऊन बसतात. भयकथा आणि ग्रामीण कादंबरी शेजारी शेजारी. म्हणून मांडणी बदलण्याचा उद्योग करू नका. एक टेबल मोकळं करा आणि त्यावर दर पंधरा दिवसांनी वीसेक पुस्तकं ठेवा, मुखपृष्ठ वर करून. पाटी विषयाची नको. “एका बैठकीत संपणारी”, “कोकणात घडणारी”, “खदाखदा हसवणारी” अशी असू द्या. टेबलावरचं पुस्तक गेलं की लगेच दुसरं ठेवा, अर्ध्या रिकाम्या टेबलाकडे कुणी वळत नाही.

बंद कपाटांची पद्धत असेल तर हे टेबल तुमच्यासाठी जास्तच गरजेचं आहे. वाचकाला पुस्तक हाताळू द्या.

९. संगणक किंवा मोबाइल “हे आवडलं तर ते वाचा” असं सांगतो. तो वापरावा का?

ग्रंथालयाच्या प्रणालीतून कुठलं पुस्तक किती वेळा बाहेर गेलं हे काढा, उपयोगी आहे. पुस्तकविक्रीची संकेतस्थळं बहुधा त्याच लेखकाची किंवा त्याच प्रकाशकाची पुस्तकं पुढे करतात, ते तर तुम्हालाही माहीत असतं.

प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दल मात्र जपून. मराठी पुस्तकांच्या बाबतीत ती न लिहिलेली पुस्तकं खऱ्या लेखकांच्या नावावर बिनदिक्कत सांगतात. तिथून आलेलं प्रत्येक नाव प्रकाशकाच्या यादीत किंवा आपल्या तालिकेत (ग्रंथालयाच्या सूचीत) पडताळल्याशिवाय वाचकापुढे उच्चारू नका.

१०. वाचकानं एका लेखकाचं सगळं वाचून संपवलं. आता?

पद्धत प्रश्न ३ चीच, पण इथं एक खाच आहे. एकाच कप्प्यातले लेखक सारखे असतात असं गृहीत धरू नका. नारायण धारप संपवलेल्याला आपण डोळे मिटून रत्नाकर मतकरी देतो. धारपांकडे भय पुष्कळदा बाहेरून येतं, अमानवी शक्ती, त्यांच्याशी लढणारा कुणी जाणकार. मतकरींच्या गूढकथेत ते बरेचदा साध्या घरातल्या साध्या माणसाच्या मनात असतं. ज्याला लढाई आवडली त्याला मतकरी कदाचित शांत वाटतील. आधी विचारून घ्या.

लेखक संपल्याचं काही जणांना खरोखर दुःख होतं. त्यांना लगेच नवं नाव देऊ नका. त्या लेखकाबद्दल लिहिलेलं किंवा त्यानं अनुवादित केलेलं काही असेल तर ते द्या, तेवढ्यात पुढचं सुचतं.

११. बरेच जण घरातल्या दुसऱ्या कुणासाठी पुस्तक नेतात. ज्याला पाहिलंच नाही त्याला काय सुचवायचं?

नातू आजीसाठी येतो आणि म्हणतो, “आजीला काहीतरी धार्मिक द्या.” आजीनं असं सांगितलेलं असतंच असं नाही. ते बहुतेक वेळा नातवानं ठरवलेलं असतं. पुस्तकात एक चिठ्ठी घालून पाठवा: “आजी, हे कसं वाटलं? पुढचं कसलं हवं?” आणि खाली मोकळी जागा. उत्तरं येतात, आणि ती वाचण्यासारखी असतात. पोथ्या सांगितलेल्या घरातून रहस्यकथांची मागणी आलेली अनेकांनी कळवली आहे. आजी घरात फोन वापरत असतील तर थेट बोला.

अशा वाचकांसाठी अक्षराचा आकार आणि पुस्तकाचं वजन हेही निकष आहेत. जाड बांधणीचा ग्रंथ अंथरुणावर धरून वाचता येत नाही.

हीच गोष्ट “बायकोसाठी काहीतरी द्या” म्हणणाऱ्यांची. पाककृती आणि भरतकामाच्या कपाटाकडे पाय वळण्याआधी विचारा, की वहिनींनी मागच्या वेळी काय नेलं होतं.

१२. मुलांच्या बाबतीत पालकांचं ऐकायचं की मुलाचं?

मुलाशी मुलाच्या उंचीवर येऊन बोला, पालक शेजारी असले तरी. “कुठली गोष्ट आवडते?” यावर पालकच उत्तर देऊ लागले तर हसून म्हणा, “थांबा काका, आधी ह्याला बोलू द्या.” मग दोन पुस्तकं द्या, एक पालकांच्या मनातलं आणि एक मुलाच्या. घरी कुठलं आधी उघडलं जातं ते त्यांचं त्यांना कळेल.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांची अडचण वेगळी. त्यांना मराठी समजतं, पण वाचायचा वेग कमी असतो. दहा वर्षांच्या अशा मुलाला सहा वर्षांच्या मुलाचं चित्रपुस्तक दिलं की त्याला अपमान वाटतो. त्याला त्याच्या वयाची गोष्ट हवी, छोट्या प्रकरणांत, भरपूर संवादांची. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे म्हणूनच अजून चालतो. पहिलं प्रकरण घरच्यांनी मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि ऐन रंगात थांबायचं, हेही पालकांना सुचवा.

कॉमिक्सवर नाक मुरडू नका. तेही वाचनच आहे.

१३. “शेजारच्या बाईंनी हे नेलं होतं, त्यांना फार आवडलं.” असं सांगायला काय हरकत आहे?

आहे. छोट्या गावात कुणी काय वाचतं यावरून बरंच काही ताडलं जातं. घटस्फोटाचा कायदा, व्यसनमुक्ती, वंध्यत्व, नैराश्य यांवरची पुस्तकं नेणाऱ्याला उद्या बाजारात कुणी विचारलं, तर तो पुन्हा ग्रंथालयात येणार नाही. कादंबरीलाही तोच नियम लावा, म्हणजे अपवाद लक्षात ठेवावे लागत नाहीत. “आमच्या एका सभासदांना” एवढं पुरेसं आहे. आणि देवघेवीची नोंदवही टेबलावर उघडी ठेवू नका.

१४. सुचवलेलं पुस्तक न वाचताच परत आलं. पुन्हा सुचवावं का?

जरूर. “का नाही आवडलं?” याचं उत्तर आवडलेल्या पुस्तकापेक्षा जास्त सांगून जातं.

अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक नियम वाचकांना सांगून ठेवा: पन्नास पानं वाचा, रमला नाहीत तर सोडून द्या. वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढीच पानं पुरेत. म्हणजे बहात्तर वर्षांच्या आजोबांना अठ्ठावीस पानांत पुस्तक ठेवून देण्याचा हक्क आहे. आपल्याकडे पुस्तक अर्धवट सोडणं हा सरस्वतीचा अपमान समजणारे पुष्कळ आहेत, त्यांना या हिशेबानं फार बरं वाटतं.

१५. घरात नुकतंच कुणी गेलं आहे अशा वाचकाला दुःखावरचं पुस्तक द्यावं का?

मागितलं तर द्या. न मागता देऊ नका. पुस्तक म्हणजे औषध असं समजून परस्पर चिठ्ठी फाडण्याचा मोह आपल्याला होतो. अशा वेळी अनेकांना उलट हलकं, ओळखीचं, आधी वाचलेलंच हवं असतं.

शेतकरी जीवनावरची कादंबरी किंवा आत्मकथन देताना त्यात आत्महत्या किंवा लैंगिक अत्याचार असेल तर एका वाक्यात तशी कल्पना द्या. शेवट सांगू नका.

१६. दलित आत्मकथनं, वादग्रस्त चरित्रं कुणाला सुचवायची? लोक चिडतात.

‘बलुतं’ किंवा ‘उपरा’ आडनाव बघून सुचवणं, आणि आडनाव बघून न सुचवणं, दोन्ही वाईट. ‘स्मृतिचित्रे’ आवडलेल्या वाचकाला स्वतःचं आयुष्य न झाकता सांगणारा आवाज आवडलेला असतो. त्याच वाटेनं ‘बलुतं’चे दया पवारही त्याच्यापर्यंत पोचतात.

एखादं पुस्तक ठेवूच नका असं कुणी म्हणालं तर टेबलावर वाद घालू नका. लेखी द्यायला सांगा आणि ते कार्यकारिणीपुढे ठेवा. तोवर पुस्तक कपाटात राहील आणि मागणाऱ्याला मिळेल.

१७. परदेशातल्या मराठी मंडळात आमचं एकच कपाट आहे. तिथं हे सगळं कसं जमायचं?

कपाट एक असलं की सगळं वाचून पाहता येतं, हा तुमचा फायदा. अडचण पुस्तकं तीच ती राहण्याची. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांत फिरतात, परदेशातही. शेजारच्या शहरातल्या मंडळाशी तुम्हीही अशी अदलाबदल ठरवू शकता. प्रत्येक पुस्तकात एक कार्ड ठेवा, त्यावर वाचणाऱ्यानं नाव न घालता एक ओळ लिहायची. पेटी दुसऱ्या गावी जाते तेव्हा शिफारशीही बरोबर जातात. तिथं वाढलेल्या मुलांसाठी प्रश्न १२ पाहा.

१८. कार्यकारिणीतल्या एका सदस्यांचा कवितासंग्रह सगळ्यांना सुचवा, असा आग्रह आहे. काय करू?

हा प्रश्न पाच ठिकाणांहून आला, म्हणून घेतलाच पाहिजे. “स्थानिक लेखक” असं एक टेबल करा आणि गावातल्या सगळ्यांचीच पुस्तकं त्यावर ठेवा, त्यांचंही. कविता वाचणारा कुणी आला तर तो संग्रह तीन पुस्तकांपैकी एक म्हणून दाखवा. रहस्यकथा मागणाऱ्याच्या हातात तो देऊ नका. सदस्यांनी विचारलं तर टेबलावरून किती वेळा बाहेर गेला तो आकडा नोंदवहीतून सांगा, स्वतःचं मत देऊ नका.